टोपेकाच्या फलकांनी किती माणसे वळवली?

धर्माच्या नावाने जितके जहाल बोलावे तितके अनुयायी वाढतात, हा समज फार जुना आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेतील वेस्टबरो बाप्टिस्ट चर्चचे नाव हमखास घेतले जाते. वास्तव नेमके उलटे आहे. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे १९५५ साली फ्रेड फेल्प्स यांनी सुरू केलेल्या या पंथाने १९९१ पासून समलिंगी व्यक्तींविरुद्ध निदर्शने केली, पुढे सैनिकांच्या अंत्ययात्रांसमोरही अर्वाच्य फलक धरले; पण जगभर प्रसिद्धी मिळूनही त्याचे सभासद शंभराच्या आतच राहिले आणि त्यांतील बहुतेक फेल्प्स यांच्याच गोतावळ्यातले होते.

२०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अशाच एका अंत्ययात्रेसमोरील निदर्शनांच्या खटल्यात, आठ विरुद्ध एक मतांनी या पंथाच्या बाजूने निकाल दिला, परंतु तो बोलण्याच्या हक्कापुरता होता, बोलण्याच्या आशयाला ती मान्यता नव्हती.

द्वेषाने मने वळवली नाहीत, उलट विरोधक एकत्र आणले. १९९९ साली वायोमिंग राज्यातील लॅरमी येथे, मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी तरुणाच्या खुनाच्या खटल्यावेळी पंथाचे लोक निदर्शने करायला आले, तेव्हा त्याच्या मित्रमंडळींनी पांढऱ्या कापडाचे मोठे पंख पाठीला बांधले आणि निदर्शकांकडे पाठ करून, एक शब्दही न उच्चारता, ते फलक झाकून टाकले. मला हे दृश्य फार मोलाचे वाटते. फेल्प्स यांची नात मेगन मात्र, ट्विटरवर परक्यांनी संयमाने विचारलेल्या प्रश्नांमुळे विचारात पडली आणि २०१२ साली पंथातून बाहेर पडली.