दोनदा ‘नी’ म्हणणारी भाषा

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधली इंग्रजी माध्यमाची शाळा, पहिलीचा वर्ग. बाई म्हणतात, “स्टान ऑप!” आणि स्वतः उठून उभ्या राहतात. मुलेही उठतात. “स्प्रंग!” म्हटले की सगळा वर्ग उड्या मारू लागतो. वही उघडलेली नाही, फळा कोरा आहे. आफ्रिकान्सचा, म्हणजे डचमधून तिथेच घडलेल्या भाषेचा, पहिला तास साधारण असाच असतो, निदान असावा. शरीराच्या हालचालीतून भाषा शिकवण्याची ही रीत जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडली. दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासक्रमाने सुरुवातीच्या इयत्तांसाठी ती उचलली. मुलाला काही बोलून दाखवावे लागत नाही. उडी मारली म्हणजे शब्द कळला.

लहान मुले भाषा पटकन उचलतात, असे आपण सर्रास म्हणतो. शाळेपुरते हे अर्धेच खरे आहे. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्सिलोनात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अनेक वर्षे माग काढला. कोणी आठव्या वर्षी सुरुवात केलेली, कोणी अकराव्या. तेवढेच तास शिकल्यावर मोठीच मुले पुढे निघाली. लहान मूल भाषा मुरवून घेते, पण त्यासाठी तिच्यात भिजत पडावे लागते. दक्षिण आफ्रिकेत पहिली-दुसरीच्या मुलाला पहिल्या अतिरिक्त भाषेसाठी, म्हणजे मुख्य भाषेच्या जोडीला शिकायच्या भाषेसाठी, आठवड्याला दोन ते तीन तास मिळतात. तीन तास धरले आणि वर्षात 40 आठवडे शाळा भरली, तर होतात 120 तास. मूल दिवसाला 12 तास जागे असते, म्हणजे वर्षभराची सगळी आफ्रिकान्स अवघ्या दहा दिवसांची! त्यातच डर्बनमधल्या कितीतरी मुलांची घरची भाषा झुलू. त्यांच्यासाठी ही तिसरी भाषा ठरते.

मग ही तूट मोबाइलवरच्या व्हिडिओंनी भरून काढावी का? बाळांच्या भाषेच्या अभ्यासक पट्रिशिया कूल यांनी 2003मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढे मँडरिन, म्हणजे चिनी, बोलणारी माणसे बसून खेळली, पुस्तके वाचली. बारा बैठकांनंतर ती बाळे मँडरिनमधले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. दुसऱ्या गटाने तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर पाहिले, आणि त्यांच्या पदरी काहीच पडले नाही. सहा वर्षांचे मूल म्हणजे बाळ नव्हे, तरी उड्या मारणाऱ्या बाईंची किंमत यातून कळते.

आता खुद्द भाषेकडे येऊ. क्रियापदांच्या बाबतीत आफ्रिकान्सइतकी सोपी भाषा क्वचितच सापडेल. मी आहे, तू आहेस, ते आहेत, या सगळ्याला एकच ‘अस’. नामांना लिंग नाही. ‘तो ट्रक की ती ट्रक’ असला वाद तिथे उद्भवतच नाही. मराठीत डब्याची डबी झाली, सुऱ्याची सुरी झाली की वस्तू लहान होते. लिंग बदलले की आकार बदलतो. आफ्रिकान्सला ती सोय नाही, म्हणून ती शब्दाला शेपूट लावते. झाड म्हणजे ‘बुअम’, छोटे झाड ‘बुअम्पी’. मांजर ‘काट’, पिल्लू ‘काइकी’. शेपटाची रूपे बरीच आहेत आणि मूळ शब्दाच्या शेवटच्या ध्वनीवरून ती ठरतात. सहा वर्षांच्या मुलाला हा नियम सांगू नये. बुअम्पी, काइकी असे वीस-पंचवीस शब्द कानावर पडले की तो आपोआप उमगू लागतो.

भाषा शिकताना मुले शब्दाच्या शेवटाकडे विशेष लक्ष देतात, असे भाषा-मानसशास्त्रज्ञ डॅन स्लोबिन यांनी 1973मध्ये मांडले होते. आफ्रिकान्सची खरी मेख वाक्याच्या शेवटी आहे. ‘मी आफ्रिकान्स बोलत नाही’ हे तिथे होते ‘एक प्राट नी आफ्रिकान्स नी’. नकार एकदा मधे, एकदा अखेरीस, जणू उघडलेला कंस बंद केला. इंग्रजीला सरावलेले मूल दुसरा ‘नी’ गाळते. गाळू द्यावे, असे मला वाटते. बाईंनी चूक न दाखवता तेच वाक्य पुरे करून म्हणावे, दहादा म्हणावे.

ही भाषा केपमध्ये, म्हणजे केपटाउनच्या परिसरात, घडली. 1652नंतर आलेल्या डचांची बोली तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांच्या आणि भारत-इंडोनेशियातून आणलेल्या गुलामांच्या तोंडी रुळली. ‘पुष्कळ’साठीचा ‘बाया’ आणि केळ्यासाठीचा ‘पीसांग’ हे शब्द मलायमधून आले. केपटाउनच्या मदरशांत मुले आफ्रिकान्स शिकली ती अरबी लिपीतून. तुर्कस्तानातून आलेले धर्मपंडित अबू बक्र एफेन्दी यांचा अशा आफ्रिकान्समधला धर्मग्रंथ 1877मध्ये इस्तंबूलला छापला गेला. पुढे रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबेही केपटाउनमध्ये स्थिरावली. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली मुले 16 जून 1976 रोजी रस्त्यावर उतरली ती हीच भाषा शिकण्याचे माध्यम म्हणून लादली गेली तेव्हा. म्हणून आजही काही घरांत आजीला नातवाचा आफ्रिकान्सचा गृहपाठ गोड वाटत नाही. बाईंना हे ठाऊक असायला हवे.

एक गंमत मराठी माणसाला लगेच कळेल. आफ्रिकान्समध्ये एकवीसला म्हणतात ‘एक आणि वीस’, सुटे आधी आणि दशक मागून. जर्मनही असेच मोजते, आणि जर्मन मुले ऐकलेला आकडा लिहिताना 48चे 84 करून ठेवतात, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. आपल्याकडे 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्यामागची अडचण हीच होती. डर्बनच्या मुलाला गणितात ‘ट्वेंटी-वन’ आणि पुढच्याच तासाला ‘एक आणि वीस’ ऐकावे लागते. त्याच्या वहीत 21च्या जागी 12 दिसले, तर लाल शाई उचलण्याआधी त्याला तो आकडा मोठ्याने म्हणायला सांगावे.