माशाच्या घोटात मावणारा गळ

पणती फुंकून विझवायची तर हातभर अंतरावरूनही विझते. तीच पणती तोंडाने हवा आत ओढून विझवायची म्हटलं, तर ओठ पोळतील पण ज्योत हलणार नाही. फुंकलेली हवा झोत धरून सरळ जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी तोंडाकडे येते, त्यामुळे जरा लांब गेलं की तिचा जोर संपतो. तळ्यातला तळहाताएवढा मासा रोज याच अडचणीतून वाट काढत जेवतो.

तो घास तोडून खात नाही, ओढून घेतो. भक्ष्याच्या अगदी जवळ जायचं, तोंड आणि गालफडं एकदम फाकवायची. आत पोकळी झाली की पाणी घुसतं आणि पाण्याबरोबर घासही. अमेरिकेतल्या ब्लूगिल या माशावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी याची मोजमापं केली. पाण्यात बारीक कण सोडले, लेझरचा उजेड टाकला आणि वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. तोंड उघडायला सेकंदाचे काही शतांश लागतात आणि ओढ पोचते ती साधारण तोंडाच्या रुंदीएवढ्या अंतरापर्यंत. त्यापलीकडचं पाणी जवळजवळ स्तब्धच राहतं.

ब्लूगिल, क्रॅपी अशा माशांना तिकडे ‘पॅनफिश’ म्हणतात, म्हणजे तव्यात अख्खा मावेल एवढा मासा. त्यांच्यासाठी ‘अल्ट्रालाइट’, म्हणजे अगदी हलक्या गळाची आणि बारीक दोऱ्याची मासेमारी रुजली. आपल्या गोड्या पाण्यात त्या मापाचा मासा म्हणजे चिलापी, अर्थात तिलापिया. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले माझे एक काका खाडीत गळ टाकायचे. जाड तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आमिषाला कोळंबी आणि शिशाची चांगली वजनदार गोळी. त्यांचं बरोबरच होतं. भरती-ओहोटीच्या ओढीत हलका गळ एका जागी थांबतच नाही. तळ्यात तशी ओढ नसते, म्हणून तिथे वजन उतरवता येतं.

किती उतरवता येतं, ते अल्ट्रालाइटचा गळ, म्हणजे जिग, तळहातावर घेतल्यावर कळतं. वाटाण्याहून लहान शिशाची मुंडी, तिच्यातून वर वळलेला बारीक गळ आणि त्यावर ओवलेला बोटाच्या पेराएवढा मऊ प्लास्टिकचा किडा. मुंडीचं वजन १ ग्रॅमच्या आसपास. चिमटीत धरून हलवलं की किड्याची शेपटी थरथरते आणि बराच वेळ थांबत नाही.

वजन कमी म्हणून हा गळ सावकाश बुडतो, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. ८ ग्रॅमची शिशाची गोळी १ ग्रॅमच्या गोळीपेक्षा आठपट वेगाने बुडत नाही, दीडपटही नाही. वजन आठपट झालं की गोळीचा आडवा छेद चौपट होतो आणि पाण्याचा अडसरही वाढतो. खरा ब्रेक लावतं ते मऊ प्लास्टिक. त्याची घनता पाण्याच्या जवळपास, म्हणजे पाण्यात त्याचं स्वतःचं वजन नगण्य. पण अंग पसरट आणि शेपटी हलती. जिग जितकी हलकी, तितकी ही शेपटी तिला जास्त रोखते. आमिष डुलत, रेंगाळत खाली येतं आणि माशाला तोंडाच्या रुंदीएवढं जवळ जायला वेळ मिळतो.

पाणी गढूळ असलं तरी त्याला सुगावा लागतो. माशाच्या कुशीवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्याची बारीक हालचाल टिपते. तिची पोचही फार नसते, पण शेपटीची थरथर जवळून जाणवायला तेवढी पुरते.

१ ग्रॅमचं आमिष लांब फेकायचं तर तंगूसही बारीक हवा, नाहीतर तोच त्याला मागे खेचतो. इथे ०.१५ मिलिमीटरचा वापरतात, जेमतेम दोन केसांएवढा. असा तंगूस एका किलोच्या आसपास ताण सोसतो. मग अर्ध्या किलोचा मासा तो तोडत कसा नाही? वाताशयामुळे, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, पाण्यात माशाचं वजन जवळपास नाहीसं होतं. झेलायची असते फक्त त्याच्या पोहण्याची ताकद. ती लवचीक काठी वाकून झेलते. वर उचलताना मात्र सगळं वजन परत येतं, म्हणून तिथे जाळी लावायची.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. तुटलेली जिग तळ्यातच राहते. प्लास्टिक कुजत नाही आणि शिसं विषारी आहे. तळाशी चोच घालणारे पक्षी खड्यांबरोबर ते गिळतात. हंस मरू लागले म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ साली शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. टंगस्टन महाग आहे, पण शिशाहून दीडपटीपेक्षा जास्त घन, त्यामुळे तेवढ्याच वजनाची मुंडी आणखी लहान होते. ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात आणि २०२२पासून तिथलं अभयारण्य रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. अशा गावात तरी शिसं पाण्यात टाकू नये. गळ टाकायची परवानगी कुठे आहे, तेही आधी विचारून घ्यावं.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं की काठाच्या उथळ गाळात ताटलीएवढे गोल खळगे दिसतात. ते चिलापीच्या नरांनी तोंडाने खणलेले असतात. मादी तिथे अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. त्या दिवसांत खळग्यावर जिग उतरली तर तिच्यावर धावून येतो तो नर. त्याला भूक लागलेली नसते. ती उपरी वस्तू तोंडात धरून त्याला घराबाहेर टाकायची असते.