छपरावरचा अँटेना आणि घरभरचे पडदे

प्रक्षेपण मनोऱ्यावरून हवेत सोडलेल्या दूरचित्रवाणी वाहिन्या अँटेनाने पकडाव्यात, त्यांचे रेकॉर्डिंग करावे आणि घरातल्या कोणत्याही पडद्यावर ते पाहावे, यासाठी दणकट संगणक लागतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात डिजिटल प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग हे संगणकासाठी फार हलके काम आहे. चित्र आणि आवाज आकुंचित करून अंकांत मांडण्याचे अवघड काम प्रक्षेपण केंद्रातच उरकलेले असते. घरच्या यंत्राने ते अंक जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवून घ्यायचे, एवढेच उरते. केंद्राने पाठवलेला आणि घरी साठवलेला कार्यक्रम यांच्यात दर्जाचा तसूभरही फरक पडत नाही, फक्त अट अशी की वाटेत काही गहाळ होता कामा नये. म्हणून या सगळ्या मांडणीत पहिला पैसा आणि पहिला वेळ अँटेनावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत. अमेरिकेत एटीएससी, युरोपात आणि इतर अनेक देशांत डीव्हीबी-टी व तिची सुधारित आवृत्ती डीव्हीबी-टी२, तर जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी वापरतात. रेडिओलहरींवर माहिती चढवण्याची प्रत्येकीची रीत निराळी असली, तरी एटीएससीची अगदी नवी पिढी वगळता ट्यूनरमधून, म्हणजे अँटेनाच्या संकेतातून हवी ती वारंवारता निवडून तिच्यातले अंक काढणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणारा प्रवाह साधारण एकाच साच्याचा असतो आणि त्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. हा प्रवाह १८८ बाइटच्या (एक बाइट म्हणजे आठ बिट) छोट्या पाकिटांचा बनलेला असतो. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला, म्हणजे ७१ हा आकडा असतो आणि त्यावरून नवे पाकीट कुठे सुरू झाले ते यंत्राला कळते. त्यामागोमाग १३ बिटांचा एक क्रमांक येतो. ते पाकीट कोणत्या वाहिनीच्या चित्राचे, कोणत्या आवाजाचे की कार्यक्रमपत्रिकेचे, हे त्यावरून ओळखले जाते. पहिल्या पिढीच्या एटीएससीत ६ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला १९.३९ मेगाबिट माहिती येते, म्हणजेच दर सेकंदाला सुमारे १२,९०० पाकिटे.

या रचनेचा एक फायदा खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. एकाच वारंवारतेवर बहुधा अनेक वाहिन्या एकत्र गुंफलेल्या असतात आणि ट्यूनर त्या वारंवारतेवरचा सगळाच प्रवाह पकडतो. त्यामुळे सॉफ्टवेअर तशा सोयीचे असेल, तर एका ट्यूनरवर एकाच वेळी अशा दोन-तीन वाहिन्यांचे रेकॉर्डिंग होऊ शकते. दुसरी वारंवारता हवी असेल तेव्हाच दुसरा ट्यूनर लागतो. किती ट्यूनर घ्यावेत हे ठरवताना आवडत्या वाहिन्या मोजण्यापेक्षा त्या किती वारंवारतांवर विखुरल्या आहेत ते पाहावे.

साठवणुकीचा हिशेबही सोपा आहे. १९.३९ मेगाबिटचा अख्खा प्रवाह तासभर साठवला तर सुमारे ८.७ गिगाबाइट जागा लागते आणि त्यातल्या एकाच वाहिनीला त्याहून कमी. असे चार प्रवाह एकदम लिहायचे ठरवले, तरी सेकंदाला १० मेगाबाइटही भरत नाहीत, तर साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटहून अधिक वेगाने लिहू शकते. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकही या कामाला पुरतो. मात्र रेकॉर्डिंग त्याच्या मेमरी कार्डावर करू नये, कारण सततच्या लिहिण्या-पुसण्याने ती कार्डे लवकर झिजतात.

आता छपराकडे वळू. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात संकेत दुबळा झाला की चित्रात मुंग्या दिसू लागत, तरी कार्यक्रम पाहता येत असे. डिजिटल प्रक्षेपणात केंद्राकडून जादा अंक पाठवलेले असतात आणि त्यांच्या आधारे ट्यूनर वाटेतल्या चुका स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे बराच काळ चित्र निर्दोष दिसते. पण चुकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि थोड्याच वेळात ते गोठते. पहिल्या पिढीच्या एटीएससीत संकेत गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने, म्हणजे शक्तीने तीसेक पट, वरचढ असेपर्यंत सारे सुरळीत चालते आणि त्याखाली घसरताच चित्र नाहीसे होते. या कड्याच्या अगदी टोकावर असलेले घर दुपारी ठीक चालते, आणि रात्री हवामान बदलले किंवा समोरच्या झाडाची पाने वाऱ्याने हलली की रेकॉर्डिंगला भोके पडतात. हरवलेली पाकिटे नंतर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून ट्यूनरच्या पडद्यावर केवळ संकेताची ताकद पाहून समाधान मानू नये. दुरुस्त न झालेल्या चुकांचा आकडा पाहावा आणि तो दिवसभर शून्यावर राहतो की नाही याची खात्री करावी.

अँटेनाचा आकार तरंगलांबीवरून ठरतो. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते, त्यामुळे ती पकडणारी अर्ध्या तरंगलांबीची दांडी सुमारे २५ सेंटिमीटरची असते. २०० मेगाहर्ट्झला मात्र हीच दांडी ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. खिडकीला चिकटवायचे छोटे सपाट अँटेना ६०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या, म्हणजे यूएचएफ पट्ट्यात बऱ्यापैकी चालतात आणि २०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या, म्हणजे व्हीएचएफ वाहिन्यांवर कमी पडतात, याचे कारण या मापात आहे. लांब आडव्या दांड्यावर ओळीने काड्या बसवलेला जो परिचित अँटेना आपण पाहतो, त्याची रचना शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली जपानमध्ये मांडली. मागची काडी परावर्तकाचे आणि पुढच्या काड्या दिशादर्शकाचे काम करतात, त्यामुळे एका दिशेचा संकेत जोरकस मिळतो आणि बाजूच्या इमारतींवरून उलटून येणारे प्रतिध्वनी दबतात. दूरच्या मनोऱ्यासाठी हाच प्रकार योग्य आहे.

अँटेनापासून ट्यूनरपर्यंतच्या केबलमध्येही संकेत गळत जातो. आरजी-६ जातीच्या ३० मीटर केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्झला ५ ते ६ डेसिबल, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती खर्च होते. अशा वेळी ॲम्प्लिफायर लावायचाच तर तो अँटेनाशेजारी, खांबावरच लावावा. केबलच्या खालच्या टोकाला लावलेला ॲम्प्लिफायर क्षीण झालेल्या संकेताबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो, आणि गढूळ पाणी मोठ्या भांड्यात ओतले म्हणून निवळत नाही. मनोरा जवळ असेल तर ॲम्प्लिफायरने उलट ट्यूनर गुदमरतो. मोबाइलच्या लहरी आता दूरचित्रवाणीच्या पट्ट्याला खेटून असतात, त्यांना अडवणारा फिल्टर कधीकधी ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त उपयोगी ठरतो. खांब आणि केबलचे आवरण यांचे अर्थिंग मात्र कधीही टाळू नये, तो विजेपासून घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

पूर्वी खोल्याखोल्यांत केबल नेण्यासाठी स्प्लिटर लावत. चार फाटे फोडले की प्रत्येक फाट्याला मूळ शक्तीचा पाचवा भागच मिळतो. नेटवर्क ट्यूनरने ही गळती संपवली. एचडीहोमरनसारख्या छोट्या पेटीत अँटेनाची केबल एकाच जागी संपते आणि पुढे पाकिटे घरच्या नेटवर्कवरून जातात. अंकांच्या प्रती कितीही काढल्या तरी त्या फिक्या होत नाहीत. चार ट्यूनरचा पूर्ण प्रवाह मिळून सेकंदाला सुमारे ७८ मेगाबिट होतो आणि तो १०० मेगाबिटच्या साध्या तारेतूनही जातो. ट्यूनर आणि रेकॉर्डिंग करणारा संगणक हे दोन्ही मात्र तारेनेच राउटरला जोडावेत. वायफायचा सरासरी वेग कितीही असला तरी तो क्षणोक्षणी खालीवर होतो, आणि थेट प्रक्षेपण थांबून कोणाची वाट पाहत नाही. रेकॉर्डिंग झालेला कार्यक्रम वायफायवर पाहण्यास हरकत नाही, कारण तिथे पुढचा काही भाग आधीच ओढून ठेवता येतो.

संगणकावर टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही, जेलीफिन किंवा प्लेक्स यांपैकी एखादे सॉफ्टवेअर बसवले की ते कार्यक्रमपत्रिका वाचते, ठरल्या वेळी ट्यूनर जुळवते आणि फाइल लिहिते. पत्रिका प्रवाहातच येते, पण ती कुठे पुढच्या काही तासांची तर कुठे आठवडाभराची असते. कार्यक्रम क्वचितच मिनिटाच्या काट्यावर सुरू होतात, त्यामुळे आधी दोन आणि नंतर पाच मिनिटे जादा ठेवावीत. सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाला याहून बरीच अधिक.

संगणकाची खरी कसोटी लागते ती कार्यक्रम पाहताना. अनेक ठिकाणी प्रक्षेपण एमपीईजी-२ या जुन्या साच्यात आणि एकाआड एक ओळींच्या चित्रांनी होते, तर बहुतेक फोन आणि ब्राउझर तो साचा उलगडत नाहीत. मग सर्व्हरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवून पडद्यांना पुरवणाऱ्या संगणकाला, चित्र तिथल्या तिथे उलगडून, ओळी जुळवून पुन्हा नव्या साच्यात बांधावे लागते. हे काम जड आहे आणि त्यासाठी प्रोसेसरमध्ये व्हिडिओची स्वतंत्र यंत्रणा असलेला संगणक लागतो. प्रत्येक रेकॉर्डिंग आल्या आल्या असे बदलून मूळ फाइल पुसण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती मी बंद ठेवण्याचा आग्रह धरीन, कारण प्रत्येक पुनर्बांधणीत थोडा तपशील कायमचा जातो. टीव्हीला जोडलेला प्लेयर मूळ साचा थेट उलगडू शकत असेल, तर सर्व्हरला फाइल नुसती पोहोचवण्यापलीकडे काही करावे लागत नाही, आणि घरातल्या मुख्य पडद्यासाठी असाच प्लेयर निवडावा.