मिशलीन ऑस्टरमेयर

ऑस्टरमेयर, मिशलीन : (२३ डिसेंबर १९२२ – १७ ऑक्टोबर २००१). फ्रान्सची अष्टपैलू मैदानी खेळाडू आणि पियानोवादक. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये तिने थाळीफेक आणि गोळाफेक या दोन्हींत सुवर्णपदक आणि उंच उडीत कांस्यपदक मिळवले. फेक आणि उडी एकाच शरीराला सहसा मानवत नाहीत. गोळा दूर जायला अंगात वजन लागते आणि दांडी ओलांडताना तेच वजन आड येते. म्हणूनच ही तीन पदके एकत्र पाहिली की नवल वाटते.

तिचा जन्म उत्तर फ्रान्समधील रां-दु-फ्लिए येथे झाला. आईने चौथ्या वर्षीच तिला पियानोपुढे बसवले आणि किशोरवयातच तिला पॅरिसच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ती ट्युनिशियात घरच्यांकडे गेली. तेथील रेडिओवर दर आठवड्याला तिचे पियानोवादन होई आणि मैदानी खेळांची गोडीही तिला तिथेच लागली. युद्धानंतर पॅरिसला परतून तिने संगीताचे शिक्षण पूर्ण केले. १९४६ मध्ये ऑस्लोच्या युरोपीय स्पर्धेत गोळाफेकीत तिला रौप्यपदक मिळाले.

लंडनमध्ये ३० जुलैला थाळीफेकीची अंतिम फेरी झाली. थाळी तिने हातात घेतली होती ती काही आठवड्यांपूर्वीच, तरीही ४१.९२ मीटर फेक करून ती पहिली आली. गोळाफेक तर महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये प्रथमच ठेवली होती. त्यात तिची फेक १३.७५ मीटर होती आणि दुसरी आलेली इटलीची अमेलिया पिच्चिनिनी ६६ सेंटिमीटर मागे राहिली. चार किलोचा हा गोळा तळहातावर नव्हे, बोटांच्या मुळाशी पेलून मानेला टेकवतात आणि सुटताना शेवटचा रेटा बोटेच देतात. ती बोटे पियानोवर तयार झालेली होती. पियानोने आपल्याला दंडात बळ आणि लयीची जाण दिली, असे ती स्वतः सांगे. गोळाफेक जिंकल्यावर तिने फ्रेंच संघाच्या मुक्कामी जर्मन संगीतकार बेथोव्हेनचे संगीत पियानोवर वाजवून दाखवले. उंच उडीत १.६१ मीटरवर ती तिसरी आली. ती स्पर्धा अमेरिकेच्या ॲलिस कोचमनने जिंकली.

त्या ऑलिंपिकवर छाप पडली ती चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या फॅनी ब्लँकर्स-कून या डच धावपटूची, आणि ऑस्टरमेयरचे नाव तिच्या मागे झाकले गेले. १९५० च्या ब्रुसेल्स येथील युरोपीय स्पर्धेत तिने गोळाफेकीत आणि ८० मीटर अडथळा शर्यतीत कांस्यपदके मिळवली. फेक, उडी आणि अडथळ्यांची धाव या तिन्हींत मोठ्या स्पर्धांची पदके मिळवणारी खेळाडू विरळाच.

१९५१ च्या सुमारास ती मैदानातून निवृत्त झाली आणि मैफलींकडे वळली. इथे मात्र खेळातली कीर्ती तिला नडली. गोळा फेकणारी बाई नाजूक काय वाजवणार, असा ग्रह आधीच झालेला असे. हंगेरियन संगीतकार फ्रांझ लिस्टच्या रचना फार ‘खेळाडू’ थाटाच्या वाटतील म्हणून तिने कित्येक वर्षे त्या हाती घेतल्याच नाहीत. ज्या कलेसाठी तिने बालपणापासून मेहनत घेतली, तिच्याच दारात तिच्या पदकांनी तिला अडवावे, हा तिच्यावर झालेला अन्याय होता. पुढे तिने संगीताचे अध्यापन केले. रुआंजवळील ब्वा-गियोम येथे तिचे निधन झाले.