पावलांचा आवाज आणि तानपुऱ्याची जवारी : एकाच हेडफोनकडून दोन अपेक्षा

महाविद्यालये सुरू होण्याच्या दिवसांत बेळगावच्या बाजारपेठेतील मोबाइलच्या दुकानांत खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून शिक्षणासाठी आलेल्या मुलांची वर्दळ वाढते आणि त्यांच्या खरेदीत हेडफोन हमखास असतो. गेम खेळण्यासाठी हवा की गाणी ऐकण्यासाठी, हा दुकानातला पहिला प्रश्न. प्रश्न रास्त वाटतो. पण हे दोन वर्ग मुख्यतः खोक्यावरच्या छपाईने पाडलेले आहेत. गेम खेळताना कानाला आवाजाची दिशा आणि वेळ अचूक कळावी लागते, गाणे ऐकताना आवाजाचा पोत कळावा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी एकच चांगला स्टीरिओ हेडफोन देऊ शकतो. मात्र तो निवडताना जे पाहायचे, ते खोक्यावर सहसा छापलेले नसते.

दिशा आधी पाहू. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात थोडा उशिरा. हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद भरतो. इतक्या अल्प काळातलाही १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरक मेंदू टिपू शकतो. त्याच्या जोडीला डोक्याची सावली असते. साधारण १५०० हर्ट्झच्या वरचे आवाज डोक्याला सहज वळसा घालू शकत नाहीत, त्यामुळे पलीकडच्या कानात ते क्षीण होऊन पोहोचतात. खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी वेळेतला फरक आणि वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी तीव्रतेतला फरक, अशी ही वाटणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडली आणि आजही ती ढोबळमानाने ग्राह्य आहे.

तरीही एक अडचण राहतेच. नेमका समोरून आणि नेमका पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी, सारख्याच तीव्रतेने पोहोचतो. तो फरक आपल्याला कळतो तो कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे आणि खळग्यांमुळे. तिथे उच्च कंप्रतेच्या काही लहरी परावर्तित होऊन दबतात, काही उठून येतात, आणि हा ठसा आवाजाच्या दिशेनुसार बदलतो. हेडफोनमध्ये आवाज थेट कानाशी निर्माण होत असल्याने हा ठसा आपोआप उमटत नाही. म्हणून अनेक गेम तो गणिताने तयार करून डाव्या-उजव्या आवाजात मिसळतात. सेटिंग्जमध्ये त्याला एचआरटीएफ म्हणतात आणि व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तो पर्याय उपलब्ध आहे. तेव्हा चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास देणाऱ्या ‘७.१ सराउंड’ या अक्षरांसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. अशा बहुतेक हेडफोनांत प्रत्येक कानाशी एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, असतो आणि बाकीची करामत सॉफ्टवेअरची असते. गेममधला एचआरटीएफ आणि हेडफोनच्या अ‍ॅपमधला सराउंड दोन्ही एकदम सुरू ठेवले, तर एका ठशावर दुसरा ठसा बसतो आणि पाऊल समोर वाजले की मागे, हे ओळखणे उलट कठीण होते.

आता पोताकडे वळू. आपली कर्णनलिका सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची आहे आणि तिचे आतले टोक पडद्याने बंद आहे. एका बाजूने बंद असलेल्या अशा नळीत ३००० ते ३५०० हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, म्हणजे त्या पट्टीतला आवाज कान स्वतःच वाढवून घेतो. आयुष्यभर आपण हीच वाढ ऐकत आलेलो असल्यामुळे मेंदूला ती नैसर्गिक वाटते. हेडफोन कानावर चढला की कानाची ही घडण बदलते, म्हणून कानाच्या पडद्यापाशी अगदी सपाट मोजला जाणारा हेडफोन ऐकायला मात्र निस्तेज वाटतो. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीच्या चाचण्या घेऊन जो लक्ष्य-आलेख, म्हणजे हेडफोनने कोणत्या पट्टीतला आवाज किती द्यावा याचा नकाशा, तयार केला, त्यात ३००० हर्ट्झच्या आसपास म्हणूनच ठळक उंचवटा आहे. खोक्यावरचे ‘५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ हे शब्द याबद्दल काहीच सांगत नाहीत. माणसाला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच ऐकू येते, वयाबरोबर वरची मर्यादा खाली सरकत जाते, आणि त्या पट्ट्यात कोणता भाग किती उठून किंवा दबून येतो हे त्या दोन आकड्यांवरून कळत नाही. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० मिलिमीटरचा, यावरूनही नाही.

पोत तपासायला आपल्या भागाकडे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे तानपुरा. मिरजेच्या तानपुऱ्याची घोडी किंचित वक्र असते आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी, म्हणजे तारेचा गुंजत राहणारा झंकार, काढली जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच रचनेचा विचार केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचा निस्पंद बिंदू (कंप न पावणारी जागा) येतो ते उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, नियमानुसार उमटायला नकोत. तानपुऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांना आढळले. थोडक्यात, एका तारेत खालपासून वरपर्यंत उपस्वरांची दाट रांग उभी राहते. ती हेडफोनवर ऐकताना तार छेडल्यानंतरचे दोन-तीन सेकंद लक्ष द्यावे. झंकार वरून खाली उलगडत जाताना मध्येच एखादा स्वर टोचला किंवा एखादा भाग गायब झाला, तर तो दोष बहुधा हेडफोनचा असतो.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका एकमार्गी, म्हणजे मोनो आहेत. हेडफोन निवडायला त्या फार उपयोगी पडतात, असे माझे मत आहे. मोनो मुद्रणात दोन्ही कानांना हुबेहूब तोच आवाज जातो, त्यामुळे गळा डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. एखाद्या तानेत तो डावीकडे किंवा उजवीकडे सरकत असेल, तर दोन ड्रायव्हर एकमेकांशी जुळलेले नाहीत किंवा एका बाजूची गादी नीट बसलेली नाही. हेडफोन उलटा घालून पाहावा; सरकण्याची बाजूही उलटली तर दोष हेडफोनचा, नाहीतर आपल्या कानाचा. गाण्याने केलेली हीच परीक्षा गेमसाठीही लागू पडते, कारण दोन बाजूंत जुळणी नसलेला हेडफोन शत्रूची दिशाही चुकवतो.

‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त हेडफोनांत बास मुद्दाम फुगवलेला असतो. स्फोट दणदणीत वाटतात खरे, परंतु खालच्या पट्टीतला जोरदार आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकतो, हा श्रवणाचा मूळ गुणधर्म आहे आणि उलट दिशेने तो तितका प्रभावी नसतो. त्यामुळे जो बास तबल्याच्या डग्ग्याला अवाजवी मोठा करून तानपुरा बुडवतो, तोच बास गेममध्ये पायऱ्यांवरची पावलेही बुडवतो.

बिनतारी हेडफोनच्या बाबतीत मात्र गेम आणि गाणे यांच्या गरजा खरोखर वेगळ्या होतात. ब्लूटूथमध्ये आवाज आधी संकुचित होतो, तुकड्यांनी पाठवला जातो, पलीकडे साठवून पुन्हा उलगडला जातो. आवाज संकुचित करण्याच्या नेहमीच्या एसबीसी किंवा एएसी पद्धतीत यात १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. गाण्याला त्याने काही बिघडत नाही. चित्रफीत दाखवणारे अ‍ॅप चित्रही तेवढेच उशिरा दाखवून जुळवून घेते. गेमला ती सोय नाही, कारण पुढच्या क्षणी खेळाडू काय करणार हे त्याला आधी ठाऊक नसते. उशीर दोन्ही कानांना सारखाच होत असल्याने दिशा बरोबर कळते, पण ताशी २० किलोमीटर वेगाने धावणारा प्रतिस्पर्धी २०० मिलिसेकंदांत मीटरभर पुढे गेलेला असतो. त्यात ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की बहुतेक वेळा तो फोन कॉलच्या पद्धतीवर उतरतो आणि सगळा आवाज एकमार्गी व बोदा होतो. म्हणून गेमसाठी तारेचा हेडफोन किंवा स्वतंत्र २.४ गिगाहर्ट्झ डोंगल (फोन किंवा संगणकात खोचायचा छोटा बिनतारी जोड) असलेला हेडफोन घ्यावा. तारेचा चांगला संगीताचा हेडफोन आणि कॉलरला लावायचा साधा माइक ही जोडी मला त्याच किमतीच्या बहुतेक गेमिंग हेडसेटपेक्षा सरस वाटते. तारेचा हेडफोन निवडताना इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अवरोध, तेवढा पाहावा: १६ ते ३२ ओहमचा हेडफोन फोनवर चालतो, तर २५० किंवा ३०० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला सहसा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

हेडफोनची पाठ, म्हणजे कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू, उघडी की बंद, हा निर्णय घर कुठे आहे यावर ठरतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा आणि डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो, पण बाहेरचा आवाजही तितकाच मोकळेपणाने आत येतो. टिळकवाडीतल्या शांत खोलीत तो सुखाचा ठरेल. वडगाव किंवा खासबागेत शेजारी यंत्रमाग चालू असेल तर नाही. अशा ठिकाणी नॉइज कॅन्सलेशनची (बाहेरचा आवाज दाबण्याच्या सोयीची) जाहिरातही जपून वाचावी. ते तंत्र बाहेरच्या लहरीच्या उलट लहर तयार करते आणि पंखा, बसचे इंजिन अशा सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर फार चांगले चालते. धोट्याचा खडखडाट हा आकस्मिक आणि वरच्या कंप्रतांनी भरलेला आवाज आहे, तो थांबवायला जाड गादीचा, कानाभोवती घट्ट बसणारा बंद हेडफोनच लागतो. याला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण बाहेरचा गोंगाट आत आला की माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला तास निम्मे होतात: ८६ डेसिबलला १०, ९२ डेसिबलला अवघे अडीच. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीपुढे घालवलेला वेळही याच हिशेबातून वजा होतो. आतल्या कानातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

राहिली गादी. पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता महिनोन्महिने हटत नाही आणि कृत्रिम चामड्यातले पॉलियुरेथेन ओलाव्याने विघटित होऊन पापुद्र्यांनी सुटू लागते. गादीला फट पडली की बंद हेडफोनचा बास आधी गळतो. चष्म्याच्या काड्यांनीही थोडा असाच गळतो, म्हणून चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकटच हेडफोन घालून ऐकावा. कापडी गादी घाम शोषते आणि जास्त टिकते, पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत सोडते. गादी आणि तार दोन्ही सुट्या मिळतात का, हे दुकानात पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे, कारण ड्रायव्हर शाबूत असताना बरेच हेडफोन या दोन भागांपायी टाकून दिले जातात.