लांब केसांचा गिनी पिग: भांग पाडा, कातडी बघा

पेरुव्हियन, शेल्टी, टेक्सेल या जातींच्या गिनी पिगचे केस महिन्याला साधारण अडीच सेंटिमीटर वाढतात. गळलेला केसही खाली पडत नाही, शेजारच्या लांब केसांत अडकून बसतो. केसावर अगदी बारीक पापुद्रे असतात. ओल लागली आणि वर घासलं गेलं की ते एकमेकांत रुततात, आणि साध्या गुंत्याची जट होते. म्हणून जटा आधी धरतात त्या काखेत, पोटाखाली, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला आणि ढुंगणावर.

त्यात लघवीची भर पडते. गिनी पिगची लघवी अल्कधर्मी असते आणि तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट बरंच असतं. वाळल्यावर पांढरी भुकटी दिसते ती तीच. लघवीने भिजलेली जट कातडीवर ओल्या पट्टीसारखी चिकटून राहते. खाली हवा लागत नाही, कातडी लाल होते, सोलते, वास मारू लागते. वरून मात्र प्राणी गोंडस झुपकेदारच दिसतो. केस लांब असले की त्रास उशिरा कळतो, आणि रोज विंचरायचं ते मुख्यतः यासाठी.

विंचरायला रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. हा शिकार होणारा प्राणी आहे, वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो. हात बाजूने न्या, एक छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरून मांडीवर घ्या. कंगवा रुंद दातांचा, दातांची टोकं गोल असलेला हवा. मांजरा-कुत्र्यांसाठी मिळणारा वाकड्या तारांचा ब्रश नाजूक कातडीला ओरखडे पाडतो, तो नकोच. सुरुवात केसांच्या टोकापासून करा. शेवटचे दोन सेंटिमीटर मोकळे झाले की थोडं वर, मग आणखी वर. दुसऱ्या हाताच्या चिमटीत केस कातडीजवळ घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांशीच थांबते. एवढं केलं तरी बरेच गिनी पिग शांत बसतात. शेवटी दोन-तीन ठिकाणी भांग पाडून कातडी बघा: रंग, कोंडा, खपली, ओल.

जट निघत नसेल तर पाणी लावू नका, ओली जट आणखी आवळते. ती कापायचीच असते, आणि इथेच सगळ्यात जास्त जखमा होतात. जट वर ओढली की पोटाकडची पातळ कातडी तिच्यासोबत उचलली जाते आणि कात्रीत सापडते. आधी जट आणि कातडी यांच्या मधून कंगवा सरकवा. बोथट टोकाची कात्री कंगव्याच्या वरच्या बाजूने चालवा, म्हणजे कंगव्याचे दात कातडीची ढाल होतात. मोठी जट एका फटक्यात काढू नका. केसांच्या दिशेने उभी चिरून तिचे दोन-तीन भाग करा, मग एकेक सोडवा. कंगवा मध्ये शिरतच नसेल तर काम पशुवैद्याकडे सोपवा. कातडी कापली गेलीच तर स्वच्छ कापसाच्या कापडाने दाबून धरा आणि दवाखाना गाठा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं पोटात गेली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्याचा जीवही जाऊ शकतो.

सोलापूर भागात आणखी एका गोष्टीवर नजर हवी, ती म्हणजे कुसळ. माळावरचं वाळलं गवत स्वस्त पडतं, पण त्यात कुसळी गवत असेल तर त्याची टोकदार कुसळं केसांत शिरतात, उलट्या लवीमुळे मागे फिरत नाहीत आणि पुढे कातडीत घुसतात. आठवड्याने तिथे गळू येतं. गवत टाकण्याआधी कागदावर झटकून, हाताने चाळून घ्या. कडबा अंथरायलाही टाळावा, त्याची चिरलेली कड टोचते.

आता ‘नाजूक कातडी’बद्दल. हा शब्द घाईने वापरला जातो. खाजवणाऱ्या गिनी पिगला सौम्य शाम्पू शोधण्याआधी कारण शोधायला हवं, आणि ते बहुतेक वेळा सापडतं. कातडीत बिळं करणारा खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही. त्याने इतकी खाज सुटते की प्राणी हात लावताच झटके आल्यासारखा आडवा पडतो. खांदे आणि पाठीवर खपल्या धरतात. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. औषध वजनावर मोजून देतात आणि काही दिवसांनी पुन्हा देतात, कारण पहिल्या डोसाने अंडी मरत नाहीत. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध अंदाजाने लावणं घातक आहे. नाकाभोवती, डोळ्यांभोवती, कानांवर गोल टक्कल पडत असेल तर बुरशी, म्हणजे गजकर्ण, समजा. ते माणसालाही होतं, त्यामुळे हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा. मादीच्या दोन्ही कुशींवर सारखेच केस गेले असतील तर बीजांडकोशातल्या गाठी तपासाव्या लागतात. कानामागची छोटी केस नसलेली जागा मात्र जन्मजात असते, तिची काळजी नको.

राहिलं क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही ते तयार होत नाही आणि त्याच्याशिवाय कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, नीट बांधलं जात नाही. रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे बोटाच्या पेराएवढी फोडही पुष्कळ काम करते. पिकलेली लाल ढोबळी मिरची २०-२५ ग्रॅम दिली तरी चालते, आणि तिच्यात साखर कमी. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्याचा उपयोग नाही, उजेडात आणि उष्णतेत हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं.

आंघोळ महिन्याला ठरवून घालायची नसते. अंग बरबटलं तर घाला, एरवी मागचा भाग तेवढा धुवा. आधी पूर्ण विंचरा. घमेल्यात दोन-तीन सेंटिमीटर कोमट पाणी, तळाला कापड, म्हणजे पाय घसरत नाहीत. तोंड आणि कान कोरडे ठेवा. माणसाचा साबण नको. बोअरच्या जड पाण्यात तर साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांत राहून खाज आणतो. लहान प्राण्यांचा बिनवासाचा शाम्पू पाण्यात कालवून वापरा आणि शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्या. नराच्या पाठीच्या अगदी खालच्या टोकाला तेलग्रंथी असते, तिथे मेणासारखा चिकट थर जमतो. खोबरेल तेलाचे दोन थेंब पाच मिनिटं मुरवले की तो सुटतो, मग तेल धुऊन काढा. कडुनिंबाचं तेल, कापूर, जंतुनाशक द्रावण यांपैकी काहीही अंगाला लावू नका, हा प्राणी चाटून अंग साफ करतो.

पुसायला जुना, मऊ झालेला सोलापुरी टॉवेल पाणी छान शोषतो. पण त्याच्यावरच्या धाग्यांच्या उभ्या वेढ्यांत नखं अडकतात आणि सुटलेला धागा बोटाला गुंडाळला तर रक्तपुरवठा बंद होतो. टॉवेल उलटून बघा, सुटे धागे कापा, दाबून टिपा, घासू नका. वरचे केस इथल्या कोरड्या हवेत झटकन वाळतात, कातडीजवळचे ओले राहतात. बोटाने तळापर्यंत चाचपल्याशिवाय पिंजऱ्यात सोडू नका. ओलसर, घाण केसांवर माशी अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या निघून कातडी खाऊ लागतात. असं दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका, लगेच डॉक्टर.

अँडीज पर्वताच्या थंड हवेतला हा प्राणी, त्याला १८ ते २४ अंश मानवतात. २७-२८ च्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका असतो, आणि सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून मार्चमध्येच केस तीन-चार सेंटिमीटरवर आणा. वस्तरा मारू नका, उघड्या कातडीला गवत टोचतं आणि ती भाजते. कूलर चालू ठेवा, झोत थेट पिंजऱ्यावर नको. दर तीन आठवड्यांनी मागचे केस जमिनीपासून दोन बोटं वर राहतील इतके छाटा, आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. आधीपेक्षा ५० ग्रॅमने कमी भरलं तर कंगवा ठेवा आणि दवाखान्यात दाखवा.