अविचारी आणि अविवेकी, दोघं सख्खे भाऊ नाहीत

हे दोन शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात, बोलताना खपूनही जातं, पण लिहिलेलं दिसलं की मला खटकतं. अविचारात डोकं चाललेलंच नसतं. अविवेकात ते चाललेलं असतं, कधीकधी जरा जास्तच, फक्त कशाला किती वजन द्यायचं तिथे गणित फसतं.

आपल्या किनाऱ्यावरचंच बघा ना, सुट्टीत पाहुणे येतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लांबलचक मोकळी पुळण दिसते आणि घातली एसयूव्ही वाळूत, रील काढायला. सुकतीनंतर साधारण सहा तासांत पाणी पुन्हा पूर्ण वर येतं हे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, यांच्या मनात तो प्रश्नच येत नाही, मग चाकं रुततात, जेसीबी शोधा, दोरखंड आणा. हा अविचार. पण कोणी म्हाताऱ्याने आधी हाक मारली असेल, "ओ, खंय जातास? भरती येतली!" आणि तरी घातली, तर ती बेपर्वाई, कारण आता ठाऊक होतं.

दुसरीकडे बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो म्हणून आणि बऱ्याच मासळीचा अंडी घालायचा काळ म्हणून. बंदी उठली की एखादा बोटमालक बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, जाळी घेऊन निघतो. डिझेल किती, बर्फ किती, खलाशांचे पैसे, बंदरावर भाव काय मिळेल, सगळा हिशोब पक्का. याला अविचारी कसं म्हणणार? पण पिल्लंच ओढून आणली तर पुढच्या सीझनला जाळ्यात काय येणार, ही गोष्ट त्याने हलकी धरली. हा अविवेक, आणि माझ्या मते हाच जास्त महागात पडतो.

शब्दातच आहे ते. विवेक 'विच्' धातूपासून, म्हणजे वेगळं करणं, निवडणं. म्हणून नीरक्षीरविवेक, म्हणून सारासार, म्हणजे सार आणि असार. तारतम्य तर भारीच आहे, लघुतर-लघुतम मधले जे तर आणि तम, त्यांच्यापासून झालेला शब्द, कमी काय, जास्त काय ते कळणं. त्यामुळे "तुला काही तारतम्य आहे का" असं आई ओरडते तेव्हा ती अविवेकाबद्दलच बोलत असते.

उतावळा वेगळा, तो विचार करतो पण अर्ध्यात उठतो, गुडघ्याला बाशिंग बांधून. आततायी हा मुळात फार जड शब्द, संस्कृतात आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा असा माणूस, गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, आणि आपण मराठीत कोणी रागात नोकरी सोडली तरी आततायीपणा म्हणतो. चालायचंच.

लिहिताना मी एवढंच बघतो की आधी बसून ठरवलं होतं का. निकाल बघून पोरगं रागात घर सोडून गेलं, तिथे अविचार. गावची विहीर बुजवून पार्किंग करायचं, तेही तीन मीटिंगा घेऊन, ठराव करून, तिथे अविवेकीच लिहा, अविचारी लिहिलंत तर उलट त्यांची सोय होते, "घाईत झालं हो" म्हणायला.